कानशीखालचे अंश

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागणाऱ्या करकंबमध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आता रस्त्यावरून फारसा येत नाही, शेतातून येतो. पाठीवर घेऊन फवारायचा पेट्रोल पंप, बांधावरचे गवत कापायचे यंत्र आणि वेडी बाभूळ किंवा बागेतली जुनी खोडे काढणारी चेनसॉ ही त्या इंजिनाची उरलेली बिऱ्हाडे. यांपैकी चेनसॉचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, कधी सुटा हातात घेऊन उजेडाकडे धरावा. आत गुळगुळीत, चकाकणारी भिंत दिसते आणि त्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर झरोके दिसतात. एक जळलेला वायू बाहेर जाण्याचा, दोन किंवा चार खालून ताजे मिश्रण वर आणणारे, आणि एक कार्बोरेटरकडून आत येणारा. यात व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, स्प्रिंग नाही. वरखाली करणारा पिस्टन या झरोक्यांना झाकतो आणि उघडतो, एवढीच योजना. म्हणून कोणता झरोका केव्हा उघडेल हे त्याच्या काठाच्या उंचीवरून ठरते. या इंजिनात वेळ धातूमध्ये उंचीच्या रूपाने कोरलेली असते, आणि कानशीने तो काठ जरा वर सरकवला की वेळही सरकते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत हा काठ कोणी कोणी, कशासाठी आणि किती सरकवला, त्याच्या मागे आपण थोडे चालत जाऊ.

सुरुवातीला या इंजिनात असे झरोके नव्हतेच. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातला डुगाल्ड क्लर्क १८७८ च्या सुमारास दर फेऱ्याला एक स्फोट देणारे इंजिन जुळवत होता. त्याआधी दोनच वर्षे, १८७६ मध्ये, जर्मनीत निकोलाउस ऑटोने चार धावांचे इंजिन चालवून दाखवले होते. त्यात दोन फेऱ्यांमागे एकदाच जोर मिळे, आणि क्लर्कला ही उधळपट्टी वाटली. त्याने शेजारी दुसरा सिलिंडर बसवला. त्याचे काम ताजे मिश्रण मुख्य सिलिंडरात ढकलून जळका वायू हाकलणे एवढेच. १८८१ मध्ये त्याने पेटंट घेतले. तिकडे मानहाइममध्ये कार्ल बेन्झ कर्जात बुडालेला असताना त्याचे टू-स्ट्रोक इंजिन १८७९ च्या शेवटच्या रात्री पहिल्यांदा नीट चालले, असे तो पुढे सांगत असे. ही दोन्ही इंजिने मोठी, जागेवर बसवायची आणि जोडसिलिंडर किंवा पंपाच्या आधाराने चालणारी होती. ती कोणाच्या खांद्यावर जाणे शक्य नव्हते.

मागोव्यातला पहिला खरा वळणबिंदू इंग्लंडच्या बाथ गावात येतो, आणि तिथे आपण जरा रेंगाळू, कारण त्या माणसांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. जोसेफ डे नावाच्या कारखानदाराला ऑटोच्या पेटंटला न धडकणारे इंजिन हवे होते. १८८९ पासून तो त्यामागे लागला. त्याच्या लक्षात आले की पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खाली, क्रँक फिरते त्या बंद पोकळीत, आपोआप ओढ निर्माण होते. आणि तो खाली येतो तेव्हा त्याच पोकळीत दाब होतो. मग क्लर्कचा दुसरा सिलिंडर कशाला? पिस्टनची खालची बाजूच पंपाचे काम करील. १८९१ च्या पेटंटातल्या त्याच्या रचनेत सिलिंडरच्या भिंतीत दोन झरोके होते, मात्र मिश्रण क्रँकच्या पोकळीत घेण्यासाठी एक झडप उरली होती. ती झडप काढून टाकली डेच्याच कारखान्यात काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉकने. पिस्टनचा खालचा काठ वर गेला की उघडा पडेल असा तिसरा झरोका त्याने भिंतीत ठेवला आणि १८९२ मध्ये त्याचे पेटंट झाले. तेव्हापासून इंजिनात हलणारे भाग तीनच राहिले: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. आज करकंबच्या शेतात जी साधी चेनसॉ चालते, तिचा सांगाडा कॉकच्या हातून बाहेर पडलेलाच आहे. डे मात्र पुढे पैशाने खचला, विस्मृतीत गेला आणि १९४६ मध्ये वारला. तोवर जगभर बोटींत, मोटारसायकलींत आणि शेतात त्याच्या कल्पनेची इंजिने फटफटत होती. कॉकविषयी तर वाहनांच्या इतिहासांत एखादी ओळ सापडली तरी पुष्कळ. मालकाच्या नावाखाली कामगाराची कल्पना झाकली जाण्याची ही काही एकच गोष्ट नाही, पण या ठिकाणी ती विशेष खटकते.

डे-कॉक इंजिनाला एक मोठी खोड होती. एसटीच्या एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे समोरासमोर आले की जे होते, तेच सिलिंडरात होई. जळका वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येई, आणि त्यातले बरेचसे न थांबता समोरच्या झरोक्यातून थेट बाहेर पडे. यावर जुना उपाय म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवणे. आत आलेले मिश्रण त्यावर आपटून वर वळे. पण हा उंचवटा पिस्टन जड करी, एका बाजूने तापवी, आणि त्याच्यामुळे माथ्यावरची ज्वलनाची जागाही वेडीवाकडी होई. यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ पासून असल्याच पिस्टनांच्या मोटारसायकली बनवल्या. १९१२ आणि १९१३ साली आइल ऑफ मॅनच्या सीनिअर टीटी शर्यती त्याच्या गाड्यांनी जिंकल्या, आणि आत घेण्याच्या वेळेसाठी फिरती झडप वापरण्याचा प्रयोगही त्या गाड्यांवर झाला. पण उंचवट्याची खोड सुटली ती १९२० च्या दशकात, जर्मनीत. डॉइट्झ कारखान्याच्या आडोल्फ श्न्यूर्ले या इंजिनिअरने मिश्रणाचे दोन झरोके बाहेर जाण्याच्या झरोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि त्यांची तोंडे पाठीमागच्या भिंतीकडे वळवली. दोन्ही झोत मागच्या भिंतीवर भेटतात, वर चढतात, हेडखाली वळसा घेतात आणि जळका वायू पुढे रेटत खाली येतात. पिस्टनचा माथा सपाट राहिला तरी चालू लागला. झरोक्याची उंची केव्हा ते ठरवते आणि त्याची दिशा कुठे ते ठरवते, हे श्न्यूर्लेमुळे स्वतंत्रपणे हाताळता आले. पेट्रोल इंजिनांसाठीचे हक्क डीकेडब्ल्यू कंपनीने घेतले. तिची आरटी १२५ ही १९३९ ची छोटी मोटारसायकल युद्धानंतर नुकसानभरपाईत गेली आणि तिच्या नकला इंग्लंडात बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन, तर जपानात १९५५ ची यामाहाची पहिली गाडी वायए-१ अशा निघाल्या. यामाहाची ही वाट आपण लक्षात ठेवू; ती पुढे सोलापूर जिल्ह्यापर्यंत येते.

चेनसॉ या वंशात जरा उशिरा शिरली. जर्मनीत एमिल लेर्पने १९२७ मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून पाहिली आणि त्याच डोंगराचे नाव कंपनीला दिले. आंद्रेआस श्टिलची पेट्रोलवरची करवत १९२९ ची. दोघांनी दोन टोकांना धरून उचलावी अशी ती धूडे होती. त्या काळच्या कार्बोरेटरात पेट्रोलची पातळी तरंगत्या फ्लोटने राखली जाई, त्यामुळे यंत्र आडवे केले की पातळी बिघडे आणि इंजिन गुदमरे. टू-स्ट्रोकला तेलाची टाकी लागत नाही, तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. त्यामुळे खरे तर ते कुठल्याही अंगावर चालायला तयार होते, अडचण फक्त कार्बोरेटरची होती. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत टिलॉटसनने पडद्यावर चालणारा कार्बोरेटर आणला आणि ती अडचण सुटली. त्याआधी १९४७ मध्ये जोसेफ कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा पाहून नवी साखळी बनवली होती. १९५९ मध्ये श्टिलने गिअरशिवाय थेट क्रँकवरून साखळी चालवणारी सुमारे १२ किलोची ‘काँट्रा’ काढली, आणि यंत्र एका माणसाच्या हातात आले. गिअर गेल्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. साखळीचा वेग वाढवायचा तर इंजिनालाच जास्त फेरे घ्यायला लावणे भाग पडले, आणि जास्त फेरे म्हणजे झरोक्यांच्या वेळेचा प्रश्न. लाकूडतोड्यांच्या हाती कानस आली ती या कारणाने.

पण झरोक्यांची खरी विद्या शर्यतीच्या मैदानावर शिजत होती, तीही लोखंडी पडद्याच्या पलीकडे. पूर्व जर्मनीच्या त्शोपाउ गावात, डीकेडब्ल्यूच्या जुन्याच कारखान्यात, युद्धानंतर काम पुन्हा सुरू झाले आणि पुढे त्याला एमझेड हे नाव मिळाले. तिथला वाल्टर काडेन युद्धकाळात पेनेम्युंडेला हेन्शेलच्या रॉकेटवर चालणाऱ्या बॉम्बवर काम केलेला इंजिनिअर होता. त्याच्याकडे पैसा नव्हता, चांगले पोलाद मिळायचे नाही, पण वायूच्या लाटांची समज त्याच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. डानिएल त्सिमरमानने त्याच्या आधी क्रँकच्या बाजूला पातळ चकतीची झडप बसवून पाहिली होती. काडेनने ती उचलली. पिस्टनच्या काठावर चालणाऱ्या झरोक्याचा एक अटळ नियम असा की तो जितके अंश आधी उघडतो तितकेच अंश नंतर बंद होतो. मिश्रण लवकर आत घ्यायचे असेल तर झरोका उशिरापर्यंत उघडाही राहतो आणि आत आलेले मिश्रण परत कार्बोरेटरकडे उलटते. चकतीमुळे उघडणे आणि मिटणे वेगळे झाले. त्यापाठोपाठ काडेनने बाहेर जाण्याच्या झरोक्यासमोर आणखी एक, तिसरा झरोका मिश्रणासाठी काढला. आणि सायलेन्सरच्या जागी त्याने पोट फुगलेली, पुन्हा निमुळती होत जाणारी नळी अशी घडवली की बाहेर सुटलेले ताजे मिश्रण परतणारी दाबाची लाट झरोका मिटायच्या आत सिलिंडरात ढकलून देई. अशा फुगीर नळ्या डीकेडब्ल्यूने आधी वापरल्या होत्या. काडेनने त्यांना मापात बसवले. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे एका लिटरला २००. त्या आधी कोणत्याही साध्या श्वासाच्या इंजिनाने, म्हणजे पंपाने हवा न कोंबलेल्या इंजिनाने, हा आकडा गाठलेला नव्हता. त्याच सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीतून एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९६२ ला, सुझुकीने ५० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. तंत्राच्या इतिहासात हेरगिरी कमी नसते, पण एका माणसाच्या डोक्यातल्या मापांनी पूर्वेकडच्या एका उद्योगाची दिशा इतकी बदलल्याचे उदाहरण मला दुसरे पटकन आठवत नाही.

काडेनच्या पिढीपर्यंत माप होते, पण ते कारखान्याच्या आत होते. बाहेरचा कारागीर नजरेने आणि कानाने काम करी. ते माप सर्वांच्या हाती देण्याचे श्रेय अमेरिकेतल्या गॉर्डन जेनिंग्ज या पत्रकाराला द्यावे लागेल. १९७३ मधल्या त्याच्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगच्या पुस्तकात झरोका किती अंश उघडा राहतो एवढ्यावर न थांबता त्याचे क्षेत्रफळ आणि तो उघडा राहण्याचा काळ यांचा एकत्र हिशेब मांडला होता. पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या गॉर्डन ब्लेअर यांनी हा हिशेब संगणकावर नेला. झरोक्याचे अंश मोजण्याची कृती मात्र आजही साधी आहे, आणि ती एकदा सावकाश पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडणार नाही. क्रँकच्या टोकाला अंशांच्या खुणा केलेली गोल चकती बसवतात आणि शेजारी तारेचा काटा रोवतात. पिस्टन अगदी वर केव्हा पोचला हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, कारण वरच्या टोकाजवळ क्रँक कित्येक अंश फिरली तरी पिस्टन हलल्यासारखा वाटत नाही. म्हणून प्लगच्या भोकात एक अडसर बसवतात, क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवून चकतीवरचा आकडा घेतात, मग उलट्या दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरा घेतात. दोन्हींच्या बरोबर मध्यावर वरचे टोक असते. अडसर काढून तिथे चकतीचे शून्य लावले की मग झरोक्यात बॅटरीचा उजेड टाकून पिस्टनचा काठ उघडायला लागतो तो अंश टिपायचा, तो मिटतो तोही टिपायचा. दोन्ही आकडे वरच्या टोकापासून सारखेच आले तर मोजणी बरोबर. नाही आले तर शून्य चुकले.

आता आपण एक हिशेब करून पाहू. ५० मिमी धाव असलेले इंजिन घेऊ आणि कनेक्टिंग रॉड १०० मिमीचा धरू. क्रँक ९० अंश फिरली म्हणजे पिस्टन अर्ध्या वाटेवर यायला हवा असे वाटते, पण रॉड तिरका झाल्यामुळे तो २५ ऐवजी सुमारे २८.२ मिमी खाली आलेला असतो. बाहेर जाण्याचा झरोका १०० अंशांवर उघडतो असे धरले तर त्याचा वरचा काठ वरच्या टोकापासून सुमारे ३२.४ मिमीवर येतो, आणि तो एकूण १६० अंश उघडा राहतो. मिश्रणाचे झरोके १२० अंशांवर उघडतात असे धरले तर त्यांचा काठ ३९.९ मिमीवर. या दोन काठांमधल्या साडेसात मिलिमीटरांत, म्हणजे २० अंशांत, जळक्या वायूचा दाब उतरला पाहिजे. नाही उतरला तर तो मिश्रणाच्या झरोक्यांतून खाली क्रँकच्या पोकळीत घुसतो. मिनिटाला ७५०० फेऱ्यांना हे वीस अंश अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळात संपतात. फेरे वाढवायचे तर हा वेळ आणखी आक्रसतो, म्हणून बाहेर जाण्याचा झरोका वर न्यावा लागतो. १ मिमी वर नेला तर तो जवळजवळ अडीच अंश आधी उघडतो, तितकाच उशिरा मिटतो, आणि एकूण उघडा काळ सुमारे ५ अंशांनी वाढतो. वरच्या फेऱ्यांना जोर मिळतो. पण जळणाऱ्या वायूने पिस्टन रेटण्याची वाट तेवढीच आखूड होते, दाबायला मिळणारे मिश्रणही घटते, आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ जाते. काठ परत खाली आणता येत नाही. कानस फक्त काढते.

महाराष्ट्रात हे इंजिन परदेशी परवान्यांच्या वाटेने आले. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने इनोचेंटीच्या लॅम्ब्रेटा जुळवल्या. बजाज ऑटोने १९४८ पासून स्कूटर आयात केल्या आणि १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळवला. मग पुण्याजवळ आकुर्डीत इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा बनू लागली. ते सहकार्य १९७१ मध्ये संपले आणि १९७२ पासून राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. चेतकच्या इंजिनातही एक खास गंमत होती. मिश्रण आत घेण्याचे काम पिस्टनच्या काठावर नव्हते, ते क्रँकच्या पात्यावर होते. पात्याची धार क्रँककेसच्या एका गुळगुळीत पट्टीवरून सरकत झरोका उघडी आणि मिटी, म्हणून वेळ दोन्ही बाजूंना सारखी असण्याची सक्ती उरली नव्हती. काडेनच्या चकतीने जे साधले तेच इथे वेगळा भाग न वाढवता साधले होते. मात्र त्या पट्टीवर एखादा खडा ओरखडा पाडून गेला की क्रँककेसच बदलावी लागे. त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्याच चाओ या गाडीवरून घेतलेली ५० सीसीची लूना आणली. १९८१ मध्ये बजाजची एम-५०, १९८६ मध्ये एम-८०. दुधाचे कॅन, उसाचे बेणे आणि मागे बसलेली बाई-पोरे घेऊन चढावर चढणाऱ्या एम-८० ला फेरे नको होते, ओढ हवी होती. तिच्या झरोक्यांच्या उंचीत गावाकडच्या वापराचा अंदाज कोरलेला होता असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. आणि १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने जपानी यामाहाची आरएक्स १०० आणली. तिची धाव ५० मिमी आणि व्यासही ५० मिमी, ९८ सीसी, ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. १९३९ च्या त्या जर्मन गाडीच्या नकलेतून उभा राहिलेला यामाहाचा वंश अशा रीतीने पंढरपूर तालुक्याच्या रस्त्यांवर पोचला.

आरएक्सने इथल्या गॅरेजांना पोर्टिंग, म्हणजे झरोके घासून वेळ बदलणे, शिकवले. आरएक्स घेऊन येणारा तरुण ‘पिकअप वाढवून द्या’ म्हणे, आणि मिस्त्री ब्लॉक उतरवून झरोके घासायला बसे. अंशांची चकती क्वचितच कोणाकडे असे. जुन्या ब्लॉकवर कागद लावून झरोक्यांचा ठसा घ्यायचा, तो चालणाऱ्या गाडीच्या ठशाशी ताडून पाहायचा, नवा काठ खुणेने आखायचा आणि घासून झाल्यावर रस्त्यावर चालवून कानाने निकाल लावायचा. ही रीत अडाणी नव्हती. श्न्यूर्लेच्या इंजिनात झरोक्याच्या तोंडाची दिशा बिघडली तर नुसता अंश बरोबर येऊनही उपयोग होत नाही, आणि दिशा ठशात दिसते, चकतीवर दिसत नाही. झरोका रुंद किती करायचा याचाही अंदाज बसला होता: सिलिंडरच्या व्यासाच्या दोनतृतीयांशाच्या जवळ गेले की पिस्टनची रिंग त्यात फुगून अडकते आणि तुटते, काठांना हलकी गोलाई दिली नाही तरी तेच. पण या कारागिरीची खरी गंमत वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या मिस्त्रीने आयुष्यात कधी पोर्टिंग केले नाही, तोही नकळत टायमिंग बदलत होता. ब्लॉकखालचे पॅकिंग फाटले, तयार मिळाले नाही, म्हणून जाड पुठ्ठ्याचे कापून घातले. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरने जाड झाले, सगळा ब्लॉक तेवढा वर उचलला गेला, आणि मघाच्या हिशेबाने बाहेर जाण्याचा झरोका जवळजवळ अडीच अंशांनी जास्त काळ उघडा राहू लागला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणे, गाडी पळते चांगली पण खालून ओढत नाही. मिस्त्री कार्बोरेटर साफ करून देई.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. वाहनांच्या धुराला देशात पहिल्यांदा मर्यादा लागली ती १९९१ मध्ये. १९९६ च्या नियमांत दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅमच्या आत ठेवायचा होता आणि २००० मध्ये तो आकडा २ वर आला. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून १९९६ मध्ये ३.६ ग्रॅम, २००० मध्ये २ ग्रॅम. डेच्या काळापासून झरोक्यातून थेट बाहेर पळणारे ते मिश्रण आता कायद्याच्या कचाट्यात सापडले. काही काळ टू-स्ट्रोकांना उत्प्रेरक लावून पाहिले, मग पुण्यातल्या कारखान्यांसह सगळ्यांनीच चार धावांच्या इंजिनाकडे मोर्चा वळवला. हाताने उचलायच्या यंत्रांना मात्र हलकेपणामुळे टू-स्ट्रोक सोडवेना, आणि गॅरेजमधली पोर्टिंगची विद्या चेनसॉपाशी येऊन उभी राहिली.

इथे आरएक्सवर बसलेला हात फसतो. ३४ मिमी धावेच्या करवतीत १ मिमी घासले तर पाच नाही, सुमारे सात अंश जातात. ब्लॉक आणि हेड एकाच ओतीवात असल्यामुळे वरून आत पाहता येत नाही. खालच्या तोंडातून काटकोनी ग्राइंडर घालून चाचपडत काम करावे लागते. आरएक्सच्या ब्लॉकमधली लोखंडी नळी बोर करून मोठा पिस्टन घालता येई; करवतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीवर क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो, तो बोअरिंगला जुमानत नाही आणि काठावर एकदा सोलला गेला की ब्लॉक भंगारात जातो. म्हणून अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांनी रुळवलेली वाट थोडी वेगळी आहे. ते आधी ब्लॉकखालचे पॅकिंग काढून टाकतात आणि पिस्टन व हेड यांच्यातली फट सोल्डरची तार चिरडून मोजतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की थांबतात. ब्लॉक खाली आला, दाब वाढला, बाहेर जाण्याचा आणि मिश्रणाचा झरोका उशिरा उघडू लागले, आत घेण्याचा मात्र पिस्टनच्या खालच्या काठाने उघडत असल्यामुळे आधी उघडू लागला. म्हणजे करकंबच्या जाड पुठ्ठ्याचे नेमके उलट. मग झरोके हव्या त्या उंचीवर पुन्हा घासून आणायचे.

नव्या करवतींनी हा सगळा डाव पुन्हा मांडला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातातल्या इंजिनांनाही धुराचे नियम लागले आणि कंपन्यांनी पिस्टनच्या दोन बाजूंना खाचा पाडल्या. पिस्टन वर असताना या खाचांतून नुसती स्वच्छ हवा मिश्रणाच्या वाटांमध्ये वरून भरली जाते. पिस्टन खाली येऊन झरोके उघडले की आधी ती हवा सिलिंडरात शिरते, जळका वायू रेटते, आणि समोरच्या झरोक्यातून काही पळून गेलेच तर हवा जाते, पेट्रोल मागे राहते. हुस्कवर्ना याला एक्स-टॉर्क म्हणते, श्टिल टू-मिक्स. श्टिलच्या एमएस ५००आय मध्ये कार्बोरेटरही गेला, इंधन थेट क्रँकच्या पोकळीत फवारले जाते. खाचांच्या पिस्टनच्या करवतीचे टायमिंग मोजताना कागदावर आत घेणे, वर नेणे आणि बाहेर सोडणे या उघडण्या-मिटण्याच्या अंशांच्या तीन जोड्यांशेजारी हवेची चौथी जोडी लिहावी लागते, आणि तिचा काठ ब्लॉकमध्ये आणि पिस्टनच्या खाचेत मिळून असतो. कानस कोणत्या काठावर चालवली म्हणजे काय बदलेल, हे तिथे दोन्ही भाग एकत्र धरून, चकती फिरवूनच कळते.